पोहायच्या भोपळ्याची भाजी

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि त्या वर्षी एका शनिवारी, दुपारच्या जेवणाच्या आत, मी आमच्या सगळ्या गल्लीला विष वाटून मोकळा झालो.

वाटताना मला ते ठाऊक नव्हतं. (ठाऊक असतं तर शेजारच्या मधुकररावांना एवढा लहान दुधी दिला नसता!)

मी हाडाचा शेतकरी. शाळा दुसरीपर्यंत, तीही अर्धीच, कारण उरलेली अर्धी म्हशीमागं गेली. शेत आता थोरला पाहतो. धाकट्यानं, दिगंबरानं, वसमतला घर बांधलं, तिथं मी आणि आमची कारभारीण पार्वती राहतो. दिगंबर हिंगोलीत औषधाच्या दुकानात कामाला, शनिवार-रविवारी जमलं तर येतो. घरामागं चार खाटा मावतील एवढं परस. ज्या माणसानं जन्मभर हळद पिकवली, त्यानं बाजारात उभं राहून कोथिंबिरीची जुडी विकत घ्यायची? मी परसात कुदळ घातली.

टमाटे लावले, वानरांनी खाल्ले. काकडी लावली, वानरांनी खाल्ली. मिरची लावली, ती वानरांनी चाखली आणि भिंतीवर बसून माझ्याच अंगावर थुंकली. वांगी तेवढी राहिली, कारण त्यांच्यात आधीच किडे राहायला आले होते. शेजारचे मधुकरराव, तहसीलीतले रिटायर क्लार्क, कुंपणावरून म्हणाले, "आबा, वांगी किडकी दिसतात." मी म्हणालो, "ज्यात किडा जगत न्हाई ते वांगं माणसानं खाऊ नाही!" आणि चार महिने त्यांच्याशी बोललो नाही.

मग एकदा थोरल्याच्या विहिरीवर मला एक वाळका दुधी भोपळा सापडला. पोरांना पोहायला शिकवताना कमरेला बांधतात ना, तसला. गोलगरगरीत, टणक, आत बिया खुळखुळ वाजत होत्या. फोडला, बिया खिशात घातल्या आणि यष्टीनं वसमतला आणल्या.

पार्वती म्हणाली, "अवो, ह्यो पोहायचा भोपळा हाय. खायचा न्हाई."

"भोपळा तो भोपळा! पाण्यात पडला म्हणून काय मासा झाला?"

"कडू असतो तो. म्हणून तर वाळवून टांगून ठेवतेत."

"गोड पाणी घातलं की गोड होतो. शेती मी केली का तू?"

(शेती दोघांनी केली. खुरपणी तर सगळी तिनंच केली. पण भांडणात असलं काही आठवत नसतं.)

वेल असा आला की काय सांगू! भिंतीवर चढला, न्हाणीवर चढला, पार्वतीच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर चढला. सकाळी उठलो की चहाच्या आधी मी वेलीखाली. पांढरी फुलं लागली, मग दुधी लागले. अंगठ्याएवढे, मग मुठीएवढे, मग बघता बघता कळशीएवढे! किडा लागेना. रोग पडेना. वानरांची टोळी भिंतीवर यायची, दुधीचा वास घ्यायची आणि मुकाट पुढं जायची. मी छाती फुगवून म्हणायचो, "पाह्य पार्वती, वाण किती जातिवंत! वानरसुद्धा हात लावायला भितंय!"

(वानराला अक्कल होती. ती मला नंतर आली.)

त्या शनिवारी सकाळी मी पहिले दुधी तोडले. पार्वती विळी घेऊन बसली. "एक फोड जिभेला लावून पाहते."

"खबरदार! देवाच्या आधी जिभेला लावतीस? मारुतीला उष्टा निवद दाखवू काय?"

तिनं विळी भिंतीशी उभी केली आणि माझ्याकडं असं पाहिलं, की दुसरा कुणी असता तर त्याला शंका आली असती.

एक दुधी मारुतीपुढं ठेवला. (मारुतीनं खाल्ला नाही. पण तो कुणाचंच खात नाही, म्हणून संशय आला नाही.) तोच पुजारी वामनबुवांच्या पदरात घातला. एक मधुकररावांना दिला, मोठ्या मनानं. आणि सगळ्यात थोरला, कळशीएवढा, समोरच्या रखमावैनीला. तिची सुमी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, नववा महिना. सुमी म्हणजे शाळेत असल्यापासून आमच्या परसातून न विचारता गवतीचहा तोडून नेणारी पोर. मी तिला सांगून आलो, "दुधी थंड असतो बाई. पोटभर खाय. पोटातल्या लेकरालाबी बरा!"

दुपारी आम्ही जेवायला बसलो. मी पहिला घास घेतला.

जीभ मुळापासून आखडली. कानातून वाफ निघाली. डोळ्यापुढं माझी आजी आली, आणि ती माझ्या लहानपणीच वारलेली!

"कसा झालाय?" पार्वतीनं विचारलं. तिनं अजून ताटाला हात लावला नव्हता.

"मेथी जरा जास्त झाली."

"भाजीत मेथी हायच कुठं?"

मी घास गिळला. पार्वतीनं बोट बुडवून जिभेला लावलं, बाहेर जाऊन थुंकली आणि तशीच दिगंबराला फोन लावून, सगळं सांगून तो माझ्या हातात दिला.

"आबा," दिगंबर तिकडून ओरडला, "गिळला का तुमी?"

"एकच घास. अपमान नको म्हणून."

"कोणाचा अपमान?"

"माझा!"

"आबा, कडू दुधी म्हंजे जहर असतंय! उलट्या होतेत, पोटात रक्त होतंय, माणूस दगावतो! आन कोणाला दिला तर न्हाई ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आबा?"

"गल्लीला दिला," मी म्हणालो.

दिगंबर म्हणाला, पळत जा, सगळ्यांना सांगा, आणि तसेच दवाखान्यात जा. मी चपला घातल्या. पार्वती म्हणाली, "सरळ सांगा, कडू निघाला म्हणून."

"मी सांगू? माझा दुधी कडू हाय म्हणून? जीव गेला तरी सांगणार न्हाई!"

"कोणाचा जीव?" ती म्हणाली.

मी दाराबाहेर पडलो. रखमावैनीचं घर अगदी समोर, पण पाय तिकडं वळेनात. सुमीचं पोट डोळ्यापुढं येत होतं. म्हटलं, आधी लहान दुधीवाल्यापासून सुरुवात करू.

मधुकरराव ओसरीत सुपारी कातरत बसले होते.

"तो सकाळचा दुधी," मी म्हणालो, "जरा परत द्या. बी धरायचंय."

"अहो आबा, संपला की!"

"संपला? अख्खा?"

"काय गोड दुधी! भाजी केली, सालीचीसुद्धा चटणी केली! बोटं चाटली आम्ही!"

सालीसकट! "पोट... पोट कसंय तुमचं?"

"मस्त आहे," ते म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांना उचकी लागली. मी त्यांना पाणी पाजलं, पाठ चोळली, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या. त्यांची बायको दारातून पाहत होती. आमचा अबोला सुटून दोनच महिने झाले होते, आणि आता ही माया!

तिथून देवळात पळालो. वामनबुवा सभामंडपात आडवे, तोंड उघडं, हात छातीवर. मी त्यांना गदागदा हलवलं. "बुवा! बुवा, उठा! तुमाला माझी आण हाय!"

बुवा दचकून उठले. "काय झालं? देऊळ पडलं का?"

"दुधी खाल्ला?"

बुवांनी एकदा मारुतीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "खाल्ला ना. अमृत व्हतं, अमृत!" आणि पुन्हा आडवे झाले. मला वाटलं, झालं, ग्लानी आली! माझ्याही पोटात आता गुरगुरायला लागलं होतं. देवापुढं उभा राहून म्हटलं, मारुतीराया, मला ने, पण त्या पोरीला सांभाळ.

शेवटी रखमावैनीच्या दाराशी आलो. दाराला कुलूप.

शेजारची बाई म्हणाली, "आत्ताच आटोतून दवाखान्यात नेलं सुमीला. जेवताजेवता उठली. पोटात लई दुखून राहिलं व्हतं तिच्या."

पुढचं मला नीट आठवत नाही. आटो मिळेना म्हणून मी धावलो. धोतराचा सोगा सुटला, एक चपल चौकात राहिली, ती कुणी आणून दिली नाही.

दवाखान्यात रखमावैनी बाकावर बसलेली, पदर तोंडाला. मी मारुती सोडला तर कुणापुढं टोपी काढत नाही. ती काढली.

"वैनी," मी सगळ्यांदेखत ओरडलो, "पोलिसाला बोलवा! सुमीचं हे जे काही झालं ते माझ्यामुळं झालं!"

बाकावरच्या साऱ्या बायका माझ्याकडं वळल्या.

"भाऊजी!" वैनी गरजली. "जावई उभे हायेत तिथं! नीट बोला!"

"अवो, दुधीमुळं! माझा दुधी कडू व्हता. जहर व्हता!"

"मंग? आमाला काय जीभ न्हाई? एक फोड लावून पाह्यली अन् दिला उकिरड्यावर फेकून. शेळीनंबी तोंड फिरवलं."

"मग सुमीच्या पोटात..."

"रातीपासूनच बारीक कळा व्हत्या, म्हणून तर जावई आलेत. दिस भरल्यावर कळा येणारच का न्हाई? का तुमच्या दुधीची वाट पाह्यची?"

मी भिंत धरली. "पण मधुकररावांनी तर सालीची चटणी..."

"कशाची चटणी! त्यांनीच तर आमाला आवाज दिला, कडू हाय, खाऊ नका म्हणून. देवळातबी सांगून आले."

"मग मला काहून न्हाई सांगितलं कोणी?"

"तुमाला?" वैनी म्हणाली. "वांग्याला किडकं म्हणलं तर चार महिने अबोला! दुधीला कडू म्हणलं असतं, तर कोणाच्या मयतीला खांदा द्यायलाबी आले नसते तुमी!"

तेवढ्यात आतून रडणं ऐकू आलं. बारीक, पण खणखणीत. नर्स बाहेर येऊन म्हणाली, मुलगी झाली, दोघी छान आहेत. रखमावैनीनं पदरानं डोळे पुसले, मी टोपीनं. आणि जीव भांड्यात पडला म्हणतोय तोवर पोटातलं सगळं वर आलं.

मला खाटेवर आडवं केलं, सलाईन लावलं. नर्सनं विचारलं, "बाबा, काय खाल्लं होतं?"

"बाहेरचं काहीतरी," मी म्हणालो.

दारातून वैनीचा आवाज आला, "बाहेरचं न्हाई, सिस्टर! घरचं हाय, परसातलं!"

म्हणजे अख्ख्या वसमतमध्ये माझा दुधी गिळणारा एकटा मीच निघालो.

संध्याकाळी घरी आलो. पार्वतीनं न बोलता पेज दिली. पेज संपल्यावर म्हणाली, "आता तरी तो वेल उपटा."

"उपटणार न्हाई. वाळवून ठेवू. सुमीच्या पोरीला पोहायला लागंल."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी बाजारात गेलो, कोवळे, लांबोडके दुधी विकत आणले, प्रत्येकाला नख मारून चाखून पाहिलं, वरून परसातली माती चोळली आणि गल्लीत निघालो. "घ्या! आपल्याच वेलीचे, पण हे गोड फांदीचे!" मधुकरराव म्हणाले, कालचाच अजून पोटात आहे. वामनबुवा म्हणाले, आज उपास आहे. मी विचारलं, कशाचा? ते म्हणाले, आजच धरला. शेवटी पिशवी परसाच्या भिंतीवर ठेवून मी खाली बसलो. वानरांची टोळी आली. त्यातल्या थोरल्या वानरानं पिशवीतून एक दुधी काढला, वेलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि दुधी अलगद पिशवीत परत ठेवला.