अक्कांची बेचाळीस पाकिटं

अक्का बसलेल्या मी क्वचितच पाहिल्या. फोनवर बोलताना त्या टेबलाभोवती चकरा मारायच्या, दहीभात खिडकीशी उभ्यानंच खायच्या. “बसलें कीं डोकें फिरतें मा, हात चालूं असले तर बरें,” असं म्हणायच्या.

गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या कंपनीचं आमचं ऑफिस मैलापुरात, कारखाना शहराबाहेर ओरगडमला. मी कोल्हापूरहून नवी आलेली. अक्का तंजावरकडच्या मराठी घरातल्या. कर्मचाऱ्यांच्या फायली आणि पत्रं सांभाळायच्या. त्यांचं मराठी जुन्या पोथीतलं, पण चाल तमिळ. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “जेवण जाहलें कां?” आणि त्या परक्या गावात मला घरचं माणूस भेटलं.

डिसेंबर लागला की अक्का ऑफिसातल्या प्रत्येकासाठी कुकीज करायच्या. माणसं बेचाळीस, पाकिटं बेचाळीस. त्यांच्या घरी नाताळ नव्हता. मग याच दिवसांत का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, “दिवाळींत सगळ्यांचे डबे भरलेले. तेव्हां माझ्या कुकीला कोण पुसतो?”

अक्कांच्या घरच्या छोट्या ओव्हनमध्ये एका वेळी बाराच बसायच्या. तीन रविवार सकाळपासून हेच चालायचं. मी लोणी-साखर फेटायची, अक्का सुंठ आणि काजूचा चुरा घालून गोळे वळायच्या. साखरेचा त्रास असलेल्या वॉचमनसाठी नाचणीच्या वेगळ्या. इथल्या दमट हवेत कुकी तासाभरात मऊ पडते, म्हणून डब्यात तांदळाची पुरचुंडी ठेवायच्या. पाकिटावर नाव मात्र स्वतःच्या हातानं लिहायच्या. ते काम मला कधी दिलं नाही.

त्या वर्षी तिसऱ्या रविवारी अक्कांच्या हातून दोन ताटं करपली. असं कधी झालं नव्हतं. त्यांनी मिठाचा डबा तीनदा उघडला आणि तीनदा झाकला. मी म्हटलं, “अक्का, काय झालंय?”

“कांहीं नाहीं. पंखा लाव.”

मंगळवारी कळलं. सात जणांना कामावरून कमी केलं होतं. पत्रं साहेबांनी दिली, पण टाइप अक्कांनी केली होती, आठवडाभर आधी. कुणाला सांगायचं नाही, असा हुकूम होता.

नाताळच्या आदल्या दिवशी पस्तीस पाकिटं वाटून झाली. उरलेली सात अक्कांनी पिशवीत भरली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मला म्हणाल्या, “चल.” कधी रिक्षा, कधी बस, असं करत आम्ही सहा घरं केली. कुणी कॉफी दिली, कुणी दारातूनच पाकीट घेतलं. एकीच्या सासूनं आम्हाला बराच वेळ ऐकवलं.

सातवं घर सेल्वमचं. तो ऑफिसात सीटांची ड्रॉइंगं काढायचा. काम जाण्याच्या चारच दिवस आधी त्यानं हे नवं, मोठं घर भाड्यानं घेतलं होतं. खोकी अजून बांधलेलीच होती. त्यानं पाकीट हातात घेतलं, त्यावरचं आपलं नाव वाचलं आणि तमिळमध्ये विचारलं,

“अक्का, घर बदलू का, म्हणून मी तुम्हाला विचारलं होतं. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

“माहीत होतं.”

“मग?”

“मग काही नाही. माझं चुकलं.”

त्यानं पाकीट परत अक्कांच्या हातात ठेवलं आणि दार लावलं. आपटलंही नाही.

परतताना बसमध्ये अक्का सारखा पदर नीट करत होत्या. मैलापूर आलं तेव्हा म्हणाल्या, “तोंड बंद ठेविलें आणि त्याला मी शिस्त म्हटलें.”

जानेवारीत, पोंगलनंतर त्यांनी राजीनामा दिला. साहेबांनी थांबायला सांगितलं, त्या थांबल्या नाहीत. जाण्याआधी सेल्वमसाठी ओरगडमच्या दोन कारखान्यांचे उंबरे त्यांनी झिजवले. दुसऱ्या ठिकाणी त्याला काम लागलं, पण त्याचा फोन काही आला नाही. अक्का बहिणीकडे तंजावरला गेल्या. त्यांच्या फायली माझ्याकडे आल्या.

यंदा कामावरून कमी करायच्या तिघांची यादी आली. मी साहेबांना म्हटलं, “आधी मला त्यांना सांगू द्या, मग पत्रं टाइप करते.” साहेब म्हणाले, हे नियमात बसत नाही. मी त्याच दुपारी तिघांना सांगितलं. एकानं गाडीचं बुकिंग रद्द केलं, एक माझ्यावरच चिडला, तिसरीनं पत्राची तारीख विचारली. साहेब अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. माझी नोकरी किती दिवस राहील, सांगता येत नाही.

रविवारी अक्कांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांच्या पावलांचा आवाज येत होता, तो थांबला.

“भय वाटलें कां?”

“खूप.”

“मलाही वाटलें होतें,” अक्का म्हणाल्या. “मी कुकी भाजत राहिलें.”