मी नव्हतो त्या मैफलीला

माझ्या पाच कादंबऱ्या ज्या सभागृहाभोवती फिरतात, ते सभागृह मी पहिल्यांदा पाहिलं नागपूरच्या एका ऑटोरिक्षातून, आणि मला ते ओळखू आलं नाही. रिक्षावाल्यानं फाटकासमोर गाडी थांबवली तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "हे नव्हे, पुढे घ्या."

"साहेब, हेच हाये," तो म्हणाला. "दहा वर्षं झाले, रोज इथूनच जाऊन राहिलो मी. तुम्ही पहिल्या खेपेस आले काय?"

मी मुकाट्यानं पैसे दिले आणि उतरलो. त्याच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं होतं. ते उत्तर मी वीस वर्षं महाराष्ट्रभर लपवत आलो होतो.

ज्यांनी माझं काही वाचलेलं नाही (असे सुज्ञ लोक पुष्कळ आहेत), त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मी विज्ञानकथा लिहितो. माझ्या कादंबऱ्यांत माणसं हजारो ग्रहांवर पांगली आहेत, पृथ्वी ओस पडली आहे, पण नागपूरचं हे प्रसिद्ध संगीत-सभागृह तेवढं जपून ठेवलेलं आहे. अवघ्या विश्वातली अंतरं त्याच्या रंगमंचापासून मोजतात. प्रत्येक यानचालकाला पहिल्या प्रवासाआधी तिथं येऊन बसावं लागतं आणि सात सेकंदांची एक जुनी शांतता ऐकावी लागते. कधीकाळी मोठ्या गायकाच्या मैफलीआधी एका अनोळखी क्लॅरिनेटवाल्यानं तिथं काही वाजवलं, तो थांबला आणि सगळं सभागृह सात सेकंद गप्प झालं. ती शांतता ज्यानं ऐकली तो अंतराळात वाट चुकत नाही, अशी चालकांची श्रद्धा आहे.

इथपर्यंत ठीक होतं. कादंबरीत काय वाटेल ते लिहावं. पण पहिल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत मी लिहिलं, की ही मैफल मी तरुणपणी स्वतः ऐकली आणि ती शांतता 'याच कानांनी' अनुभवली. ही शुद्ध थाप होती. त्या वयात मी दौंडच्या पलीकडे गेलो नव्हतो. मैफल ऐकली होती माझ्या वसतिगृहातल्या खोलीसोबत्यानं, नागपूरच्या प्रभाकरनं. त्यानं ती एका दुपारी मेसमध्ये जेवताना मला सांगितली, आणि पुढे मी ती स्वतःच्या नावावर करून टाकली. पुस्तक निघाल्यावर नागपूरच्या मनीषनगरहून त्याचं एक कार्ड आलं होतं: "पुस्तक आवडलं. त्या दिवशी तू माझ्या शेजारी बसला होतास, हे मात्र मी विसरूनच गेलो होतो." मी त्याला उत्तर पाठवलं नाही. नागपूरचं प्रत्येक आमंत्रणही टाळत राहिलो. कधी रक्तदाब, कधी ऊन, आणि एकदा तर मला नसलेल्या पुतणीचं लग्न.

या खेपेला आलो तो एका पत्रामुळे. वाचक मंडळानं त्याच सभागृहात माझ्या पुस्तकांवर कार्यक्रम ठरवला होता. त्याची बातमी वाचून कोराडीहून शेवंताबाई नावाच्या एका बाईंनी नातीच्या हातून मला लिहिलं होतं: "तुमच्या पुस्तकातले क्लॅरिनेटवाले माझे मालक होते, नामदेव. ते आता नाहीत. आमच्या घरचं कोणी त्या दिवशी तिथं नव्हतं. तुम्ही होतात. एकदा येऊन सांगून जा." हे पत्र मी चार वेळा फाडायला घेतलं आणि चारही वेळा परत घडी करून ठेवलं.

मंडळाचे सचिव फाटकाशी हार घेऊन उभे होते. त्यांनी मला आत नेलं, दिवे लावले आणि हरखून विचारलं, "सर, तुमची ती बाल्कनी कुठं होती? आम्ही नेहमी वाद घालतो." माझ्या कादंबरीत तिथं लाकडी जिन्याची एक सुंदर बाल्कनी आहे. समोर बाल्कनीचा मागमूसही नव्हता.

"पाडली असेल पुढं," मी म्हणालो.

दाराशी उभा असलेला म्हातारा चौकीदार म्हणाला, "नाई जी. इथं बाल्कनी कधीच नव्हती. मी बांधकामापासून हाये इथं." सचिवांनी त्याच्याकडे रागानं पाहिलं. खरं बोलणारा माणूस रागे भरून घेत होता आणि मी हार घालून उभा होतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर लख्ख ऊन पडलं होतं. कार्यक्रम संध्याकाळी होता. मी कामाची सबब सांगून बाहेर सटकलो आणि कोराडीची बस पकडली.

शहर मागं पडलं तसे कोळशाचे ट्रक लागले. वीज केंद्राच्या उंच चिमण्या बराच वेळ दिसत राहिल्या आणि बस काही केल्या त्यांच्याजवळ पोचेना. रस्त्याकडेच्या झाडांची पानं राखेनं करडी झाली होती. शेवंताबाईंचा मुलगा केंद्रात कामाला आहे. वसाहतीतल्या त्याच्या क्वार्टरचं दार त्यांनीच उघडलं. सत्तरी ओलांडलेली काटक बाई, आवाज खणखणीत.

"आधी जेवा," त्या म्हणाल्या. "मंग सांगजा."

जेवायला गोळाभात होता. भातावर डाळीचे वाफवलेले गोळे, वरून मोहरीची कडकडीत फोडणी, सोबत चिंचेचं पाणी आणि वर भरपूर सांबार (कोथिंबीर). इतकं चवदार जेवण मी बऱ्याच दिवसांत जेवलो नव्हतो. दुसरा गोळा फोडताना वर पाहिलं तर भिंतीवर फेटा बांधलेल्या एका माणसाचा फोटो होता आणि त्याच्या शेजारी, तशाच चौकटीत, माझ्या प्रस्तावनेचं पान.

"आमी विणकर," शेवंताबाई सांगू लागल्या. "उमरेडले माग होता. लग्नसराईत ते बॅन्डात वाजवत. त्या दिवशी त्याईच्या बॅन्डाले हॉलवर बलावलं. मी म्हनलं, तुमी वरातीत वाजवणारे, तिथं मोठमोठे लोक, हसतीन तुमाले. आन् मी नाई गेली. घरी येऊन म्हनले, 'बरं झालं तू नाई आली. कोणीच नाई ऐकलं.' मंग मरेपर्यंत त्या दिवसाचं नाव नाई काढलं त्याईनं." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "आन् तुमी तं लिवलं, आख्खा हॉल गप्प झाला! मले एवढं सांगा भाऊ, खरं कोणाचं? ते मले खोटं काहून (का) बोलले असतीन?"

उत्तर अगदी सोपं होतं: 'खरं माझं. ते विनयानं तसं म्हणाले असतील.' बाई सुखावल्या असत्या, मी हात धुऊन निघालो असतो. असली वाक्यं मला चटकन सुचतात, त्यावरच माझं पोट चालतं. पण मी खरा ठरावा म्हणून तो फोटोतला माणूस खोटा ठरणार होता. त्याच्याच घरचं जेवून एवढं करणं माझ्यासारख्यालाही जमेना.

"मी तिथं नव्हतो," मी म्हणालो.

"म्हंजे?"

"एका मित्रानं सांगितलं, ते मी माझं म्हणून लिहिलं."

"पण 'याच कानांनी' लिवलं हाये ना. नात वाचून दाखवते मले."

"हो. खोटं लिहिलं."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी एवढंच विचारलं, "तो मित्र जित्ता हाये का?"

"आहे. मनीषनगरला राहतो."

त्यांनी माझं ताट उचललं, घराला कुलूप घातलं आणि पायात चपला सरकवल्या. "चला."

कोराडी शहराच्या उत्तरेला, मनीषनगर पार दक्षिणेला. रिक्षात त्या एकदाच बोलल्या. "तुमचं बोलणं नाई का त्या मित्रासंग?"

"वीस वर्षं नाही."

"काहून?"

"त्याचंच चोरलं म्हणून."

शेवंताबाईंनी रिक्षावाल्याला गाडी जोरात घ्यायला सांगितलं.

प्रभाकरनं बनियनवरच दार उघडलं. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं, पण दारात टेकून उभं राहायची तऱ्हा तीच. "ये बे," तो म्हणाला, जणू मी मेसमधून हात धुऊन आलो होतो. मागं बाई दिसल्यावर घाईघाईनं आत जाऊन शर्ट घालून आला. वाटेत मी माफीची तीन-चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

"प्रभाकर, या त्या क्लॅरिनेटवाल्यांच्या पत्नी," मी म्हणालो. "त्या दिवशीचं यांना तू सांग. मी चुकलो. म्हणजे चुकलो नाही, चोरलं मी तुझं."

"बस," तो म्हणाला. नंतर माझ्याकडे न पाहता तो शेवंताबाईंच्या समोर जाऊन बसला.

"काकू, गायकाची गाडी लेट होती. लोक कटकट करून राहिले होते. स्वागताले फाटकावर बॅन्ड होता, त्यातल्या क्लॅरिनेटवाल्याले आयोजक म्हणाले, जा गा, वाजव थोडा वेळ. मी अठरा वर्षांचा पोट्टा (पोरगा), माझ्यापाशी पास नव्हता. स्टेजच्या पुढं सतरंजीवर घुसून बसलो होतो."

"मंग हॉल गप्प झाला?"

प्रभाकरनं आता पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "नाई काकू. भर मे महिना, चारी बाजूनं मोठमोठे कूलर घरघर करून राहिले होते. लोक बोलत होते, पोरं रडत होती. मागच्या रांगांत तर ऐकूही गेलं नसेल. त्यानं वाजवलं, शेवटपर्यंत वाजवलं, नमस्कार केला अन् उतरला. गप्प झालो होतो तो मी. हॉल नाई."

मेसमध्येही त्यानं मला नेमकं हेच सांगितलं होतं. लिहायला बसल्यावर मला एका पोराचं गप्प होणं पुरेना, म्हणून मी दीड हजार माणसांची तोंडं बंद केली आणि वर स्वतःला एक खुर्ची दिली. मान खाली घालून मी प्रभाकरच्या घरातल्या फरशा पाहत बसलो. इतकी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

"काय वाजवलं त्याईनं?" शेवंताबाईंनी विचारलं.

प्रभाकर गुणगुणू लागला. मुलीच्या पाठवणीला बॅन्डवाले वाजवतात तशी संथ, ओढाळ चाल होती. त्याला गळा नाही, दोनदा तो सुराच्या बाहेर गेला. शेवंताबाईंनी तोंडावर हात धरला.

"हे तं ते मागावर बसून म्हणत," त्या म्हणाल्या. "रोज म्हणत. मी कधी पुसलं नाई, काय हाये म्हणून." मग डोळे पुसून म्हणाल्या, "आणखी एकडाव म्हणा ना." प्रभाकरनं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

संध्याकाळी दोघंही कार्यक्रमाला आले. सभागृह भरलं होतं. मी माइकसमोर उभा राहिलो आणि सरळ सांगून टाकलं, "मी या सभागृहात आज पहिल्यांदा आलो आहे. प्रस्तावनेत लिहिलंय ते खोटं आहे." क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. सचिव गहिवरून म्हणाले, "सरांनी काळप्रवासाची काय विलक्षण कल्पना मांडली!" मी म्हणालो, कल्पना नाही हो, मी खोटं बोललो. तेव्हा माझ्या विनम्रतेसाठी आणखी टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेतल्या दोन माणसांनी तेवढ्या टाळ्या वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत निघालो. प्रभाकर स्टेशनवर आला नाही, आणि तो यावा अशी अपेक्षा करायला मला तोंड नव्हतं. वर्ध्यापर्यंत पराटी (कपाशीची वाळलेली झाडं) उपटून टाकलेली शेतं पाहत राहिलो. डब्यातल्या एका गृहस्थांनी विचारलं, काय करता? नेहमी मी 'लेखक आहे' म्हणून सांगतो. त्या दिवशी म्हणालो, निवृत्त आहे.

पुण्याला आल्यावर प्रकाशकांना कळवलं, की नव्या आवृत्तीत जुनी प्रस्तावना नको. ते म्हणाले, लोकांना तीच तर आवडते. मी ऐकलं नाही आणि नवी लिहायला बसलो. पण दुसऱ्याच वाक्याशी अडलो. ते वाजवत होते तेव्हा कुणाचंही लक्ष नव्हतं, हे छापलं तर त्या माणसाचा उरलासुरला मानही मीच काढून घेतल्यासारखं होईल, असं वाटू लागलं. शेवटी कोराडीला फोन लावला आणि शेवंताबाईंना विचारलं, काय लिहू?

"त्याईचं नाव लिवा," त्या म्हणाल्या. "नामदेव. कूलर लिवा. लोक बोलून राहिले होते, तेबी लिवा." मी 'बरं' म्हणून फोन ठेवणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आन् तरी त्याईनं अर्ध्यात नाई सोडलं, हे लिवा."

मी लिहून घेतलं. माझ्या विश्वात मी त्या माणसाला कान देऊन ऐकणारं आख्खं सभागृह देऊ केलं होतं. कोणी ऐकत नसताना तो शेवटपर्यंत वाजवू शकतो, एवढी मोठी कल्पना मला कधी सुचली नव्हती.