या आठवड्यात शिफ्ट कुठली?

कॅनडात किचनरला शिकत असताना मी एका म्हाताऱ्याच्या बेसमेंटमध्ये राहायचे. सोबत नाशिकची एक मैत्रीण. म्हातारा वर एकटाच. महायुद्धानंतर टायरच्या कारखान्यातल्या कामगारांसाठी बांधलेली ती घरांची ओळ, सगळी घरं एका छापाची. शाळा सुटली तशी त्याला तिथे नोकरी लागली आणि त्या एका पगारावर घर, गाडी, मुलांची शिक्षणं, सगळं झालं. हे तो इतक्या सहज सांगायचा की मला रागच यायचा. आता कारखान्याच्या इमारतीत सॉफ्टवेअर कंपन्यांची ऑफिसं होती आणि त्याची मुलं नोकरीपायी लांब पांगली होती.

दर सोमवारी तो मला दारात गाठायचा आणि विचारायचा, या आठवड्यात शिफ्ट कुठली?

याला कशाला हव्यात नसत्या चौकशा? मी एका गोदामात रात्रपाळी करत होते, तीही स्टुडंट परमिटवर चालतात त्यापेक्षा जास्त तास. त्याशिवाय फी भरणं शक्यच नव्हतं. मैत्रिणीने बजावलं होतं, "खरं सांगू नकोस हं. त्याने कुठे रिपोर्ट केलं तर इथे कायमचं राहायचं विसर, तुझं पीआर गेलंच समज." म्हणून मी ठोकून द्यायचे, सकाळची, आणि तीही थोडेच तास.

पण रोज सकाळी माझा डोळा लागतो न लागतो तोच वर ठोकाठोक सुरू. उन्हाळ्यात गवत कापायचं मशीन, हिवाळ्यात थेट माझ्या खिडकीशी फावड्याने बर्फ उपसणं, शोव्हल करणं. दुपारी मी क्लासला गेले की मात्र घर चिडीचूप, असं मैत्रीण सांगायची. माझी खात्रीच पटली. याला सगळं कळलंय आणि हा मुद्दाम छळतोय.

एका रविवारी शेजारच्या म्हातारीने मला थांबवलं. तिचा नवराही त्याच कारखान्यातला. पूर्वी रात्रपाळीचा माणूस झोपला की त्याची बायको खिडकीला टॉवेल लावायची, मग मुलं पलीकडच्या रस्त्यावर खेळायला जायची, असं ती सांगत होती.

"तो अजून तसाच आहे," ती म्हणाली. "तुझी शिफ्ट आम्हा सगळ्यांना फोन करून कळवतो. पोरगी दुपारी झोपते, आवाज करू नका म्हणतो."

मी इचलकरंजीची. आमच्याकडे मागांच्या खडखडाटातच माणसं झोपतात. झोपणाऱ्यासाठी अख्खी गल्ली गप्प बसते, हे माझ्या डोक्यात येणार कसं? मला फार वाईट वाटलं. पण त्याहून जास्त भीती वाटली, कारण त्याला सांगितलेलं सगळ्या ओळीला कळत होतं.

सोमवारी त्याने नेहमीसारखं विचारलं. रात्रीची, हे अगदी तोंडाशी आलं होतं. त्याची रात्रपाळी खिडकीला टॉवेल लावून सांगता येत होती. माझी नव्हती.

"सकाळची," मी म्हणाले.

त्याने समाधानाने मान हलवली. दुसऱ्या दिवशी कामावरून येऊन मी आडवी झाले आणि खिडकीशी त्याचं शोव्हल खरखरायला लागलं.