सात नंबरचा पोर्ट

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात मी नेटवर्क सांभाळतो. माझ्यासाठी ती सगळ्या संगणकांच्या तारा जोडलेल्या स्विचवरचा सात नंबरचा पोर्ट होती. कापडाची डिझाइनं काढायला भातकुलीहून यायची. घरी निघताना बंद मॉनिटरवर रुमाल टाकायची, आरसा झाकावा तसा.

डिझाइनं बाहेर जातात असा मालकांना संशय आला, म्हणून तिच्या पोर्टवरून जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमची, म्हणजे माहितीच्या प्रत्येक तुकड्याची, मी गुपचूप नक्कल घेऊ लागलो. डिस्क भरू नये म्हणून नकलेचा आकार इतका लहान ठेवला, की माहिती कुठे जाते तो नुसता पत्ता दिसे आणि पुढचा मजकूर कापला जाई. रोज अकरा वाजता एकाच अनोळखी पत्त्यावर काहीतरी जायचं. तेवढ्यावरून मालकांनी तिला कामावरून काढलं.

डबा पिशवीत टाकून ती माझ्या टेबलाशी थांबली. "भाऊ, तुमी अर्धंच पाह्यलं. बाकीचं बी पाहून घ्या."

नकलेबद्दल तिला कोणीही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची रिकामी होती, मॉनिटरवर रुमाल तसाच होता, संगणक मात्र चालूच राहिला होता. अकराला स्विचवर सात नंबरचा दिवा लुकलुकला. मी नकलेचा आकार वाढवून पूर्ण फ्रेम उघडली. तिच्या संगणकातलं प्रिंटरचं सॉफ्टवेअर किती शाई उरली ते प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीला कळवत होतं.

मालकांना मी अजून सांगितलेलं नाही. रोज अकराला तो दिवा लुकलुकतो, आणि रुमालाआडून कोणीतरी मला पूर्ण पाहून घेतंय असं वाटतं.