दादाला मी गाव कसं सांगितलं

माझा थोरला भाऊ पुण्यात सातव्या मजल्यावर राहतो, आणि तो तिथे राहतो याला कारण मी आहे. घरात कोणी असं म्हणत नाही. बायको एकदा म्हणाली होती, त्यालाही आता काही वर्षं झाली.

दादाने सगळी नोकरी तिकडच्या एका कारखान्यात केली. निवृत्त झाला आणि थोड्याच दिवसांत वहिनी गेली. मुलगा-सून चांगली आहेत, पण दोघं सकाळी कामावर गेली की हा दिवसभर एकटा. त्याला बऱ्हाणपूरला परत यायचं होतं. आमच्याकडे जागा अपुरी, शिवाय जिना, आणि त्याचे गुडघे गेलेले. पण त्याची सोय आमच्याशिवायच ठरली होती. तापीवरच्या राजघाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याच्या शाळेतल्या मित्राचं घर आहे. मागे त्याचे पावरलूम चालतात, पुढे ते लोक राहतात. मित्राने रस्त्याकडच्या दोन खोल्या दादासाठी मोकळ्या केल्या होत्या. दोघं सहावीपासून एका बाकावर बसत. मी तेव्हा अगदी लहान, त्यांच्या मागे फिरणारा. म्हणून आज माझे केस पांढरे झाले तरी तो मित्र मला ‘छोटे’ म्हणूनच हाक मारतो. मी त्याला भाईजान म्हणतो.

दर रविवारी दादाचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, ‘गाव काय म्हणतंय?’

मी गाव सांगायला बसायचो, आणि सांगायचो फक्त निवडणूक. मी शिक्षक आहे. मतदानाची ड्यूटी मला दर वेळी लागते, त्यामुळे आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळतं असा माझा समज झाला होता. कोणता मोहल्ला कोणाकडे झुकला, कोणत्या गल्लीने या वेळी दगा दिला, कोण कोणाच्या गाडीत दिसला. दादा ‘हं, हं’ करत ऐकायचा. त्याचं ते ऐकणं मला आवडायचं. शाळेत मुलं ऐकत नाहीत, घरात मुली मोबाईलमधून डोकं वर काढत नाहीत. रविवारी अर्धा तास मी मोठा माणूस व्हायचो.

आमच्या गावाची तशीही ओळख विचित्र. भोपाळवाले आम्हाला खान्देशातले समजतात, सीमेवरचं इच्छापूर ओलांडून जळगावकडे गेलो की एमपीवाले. पूर्वी बाहेर कोणाला गाव सांगितलं की तो केळी म्हणायचा, कापड म्हणायचा, नाहीतर असीरगडाची चौकशी करायचा. अलीकडे लोक दुसरंच विचारतात. तुमच्याकडे कोणाचं चालतं? तुमच्याकडे ते लोक किती? शांत असतं ना? मोठ्या मुलीच्या इंदूरच्या मैत्रिणी दिवाळीत यायच्या होत्या, त्यांच्या घरच्यांनी हेच विचारलं आणि मग त्या आल्या नाहीत. तेव्हा मी रागावलो होतो. आमच्या गावात एकदा न येता, मतांच्या आकड्यांवरून आणि मोबाईलवरच्या तुकड्यांवरून हे लोक आम्हाला ओळखतात, असं मी स्टाफरूममध्ये तावातावाने बोललो होतो. त्याच महिन्यात मी दादाला काय सांगत होतो ते मला तेव्हा आठवलं नाही.

महापालिकेच्या निकालाचा दिवस. आमच्या वॉर्डात मी ज्याला मत दिलं तो थोडक्यात पडला. मी वर्षानुवर्षं त्या बाजूचा, त्यामुळे ते मला फार लागलं. दुपारी जिंकलेल्याची मिरवणूक चौकात आली. मी पानाच्या टपरीशी उभा होतो. कोणीतरी फटाक्यांची माळ लावली, ती उडून एका केळीवाल्याच्या ठेल्यावर पडली आणि वरच्या तिरपालीने पेट घेतला. ठेलेवाला एका बाजूचा, माळ लावणारा दुसऱ्या बाजूचा. कॉलर धरली गेली, आरडाओरडा झाला, दोघं-तिघं मोबाईल वर धरून उभे राहिले. मग कोणी बादली ओतली. जिंकलेला नगरसेवक स्वतः गाडीवरून खाली उतरला, त्याने माळ लावणाऱ्याला दोन शिव्या दिल्या आणि ठेलेवाल्याचा हात त्याच्या हातात दिला. सगळं मिळून दहा मिनिटं. मी शेवटपर्यंत तिथेच होतो, म्हणजे हातात हात दिलेला मी पाहिला आहे.

घरी परतताना भाईजान दारात दराब्याचा, आमच्या गावच्या मिठाईचा, डबा घेऊन उभा होता. त्याचा माणूस निवडून आला होता. मला पाहून हसला आणि म्हणाला, ‘छोटे, तुम्हारा आदमी गिरा, तुम तो नहीं गिरे ना. लो, मुँह मीठा करो.’ मी दराबा खाल्ला. तोंड गोड असतानाच घरी आलो, आणि तोवर तो व्हिडिओ मोबाईलवर आला होता. वीसेक सेकंदांचा. धूर, आरडाओरडा, धरलेली कॉलर. बादली नाही, हातात हात नाही.

मी तो दादाला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. हे आपल्या चौकातलं का, काय झालं, तू बरा आहेस ना, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, दंगल होता होता राहिली. मग तो म्हणाला की खोल्यांचं ठरलंय, पुढच्या महिन्यात यायचं म्हणतोय, तुला काय वाटतं?

मी म्हणालो, ‘गाव आता आपलं राहिलं नाही, दादा. आणि त्या मोहल्ल्यात तर नकोच.’

हरलेल्या माणसाचा राग होता तो. ज्या गावाने माझ्या माणसाला मत दिलं नाही त्याचं मी एका वाक्यात नाव खराब केलं, आणि तेही अशा एकाच माणसाकडे, ज्याला ते गाव हवं होतं.

पुढचं दादाच्या मुलाने केलं. त्याने व्हिडिओ पाहिला, सोसायटीतल्या लोकांना दाखवला, त्यांनी आणखी चार गोष्टी सांगितल्या. ‘काका स्वतः तिथे राहून नको म्हणतात, मग?’ असं तो म्हणाल्याचं मला नंतर कळलं. दादाने मित्राला कळवलं, गुडघ्यांचं डॉक्टर पाहतायत, सध्या जमणार नाही.

बायकोने तेव्हा विचारलं, ‘तुम्ही त्या दिवशी दराबा खाऊन आलात, तेही सांगितलंत का दादांना?’ मी पेपर तपासत होतो. तपासत राहिलो.

मागच्या वर्षी रावेरला लग्न होतं, त्या निमित्ताने दादा एका दिवसासाठी गावात आला. सकाळीच म्हणाला, चल, त्याच्याकडे जाऊ. मी शाळेचं निमित्त काढलं, पण रविवार होता.

भाईजानने त्याला दारातच मिठी मारली. ‘आओ पुणेकर. रास्ता याद है, बड़ी बात है.’ दादा हसत होता आणि रुमाल शोधत होता. चहा झाला, जुन्या मास्तरांच्या नकला झाल्या. मग भाईजान त्याला पुढच्या खोल्या दाखवायला घेऊन गेला. आता तिथे सुताच्या गोण्या होत्या. पण कोपऱ्यात त्याने एक नवं दार उघडलं. आत कमोड होता, आणि भिंतीला धरायला लोखंडी दांडा.

‘तेरे घुटनों के लिए बिठवाया था,’ तो म्हणाला. ‘हमारे यहाँ कोई इस्तेमाल नहीं करता. पूरा मोहल्ला हँसता है, बुनकर के घर कुर्सीवाला पाखाना.’

दादा हसला नाही. त्याने दांड्याला हात लावून पाहिला. मग सहज विचारावं तसं विचारलं, निकालाच्या दिवशी चौकात काय झालं होतं रे? भाईजानला आठवेना. ‘कौन सा निकाल?’ त्याने माझ्याकडे पाहिलं, मी सांगावं म्हणून. मी सुताच्या गोण्यांकडे पाहू लागलो. मग त्यालाच आठवलं. ‘अच्छा, वो केलेवाला? उसकी तिरपाल जली थी. दोनों यहीं आके चाय पी गए, मिस्त्री लगा था तब. इसी की तो सीट बिठा रहा था.’

म्हणजे मी दादाला नको म्हणत होतो त्याच दिवशी इथे काम चाललं होतं.

दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. स्टेशनपर्यंत रिक्षात तो बाहेरच बघत होता. बाहेर नेहमीचंच सगळं होतं, भाजी, सायकली, शिकवणीला जाणाऱ्या मुली. एकदा रिक्षावाल्याला त्याने थांबवलं आणि नुसताच बघत बसला. मी म्हणालो, दादा, चुकलं माझं. फलाटावर गाडी यायला पाच मिनिटं होती तेव्हा तो बोलला.

‘मी भिऊन विचारलं नव्हतं रे तुला. मला यायचं होतं, म्हणून विचारलं होतं. तू नुसतं ये म्हणायचंस.’

मी म्हणालो, आता ये. तो म्हणाला, आता नातू झालाय, सून कामावर जाते, आता कसा येऊ? आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

फोन आजही येतात. गाव काय म्हणतंय हे तो आता विचारत नाही. मी आपणहून सांगतो, घाटावर पायऱ्या नीट केल्या, अमक्याच्या मुलीला नोकरी लागली, या वर्षी केळी चांगली आली. तो ‘बरं झालं’ म्हणतो आणि मुलींच्या परीक्षांकडे वळतो.

भाईजानला यातलं काहीच ठाऊक नाही. मी त्याच्या दारावरून शाळेत जातो. मागच्या आठवड्यात त्याने पुन्हा थांबवलं आणि विचारलं, दोस्त कब आ रहा है हमारा? आज सांगून टाकावं असं मी महिनाभर ठरवत होतो. मी सायकलवरून उतरलोसुद्धा. लूमचा आवाज चालू होता, त्याने कान पुढे केला.

मी म्हणालो, ‘क्या बताऊँ भाईजान, सून सोडत नाही त्यांना.’

‘पुणे की बहुएँ,’ तो म्हणाला आणि मान हलवत आत गेला. त्या सुनेला मी आजवर तीनदा भेटलो असेन. दर वेळी तिने मला वाकून नमस्कार केला आहे.