रांगेच्या टोकाला बसणारी

माझी शाळा चौथीपर्यंतची. तरी मी मोबाईलवर कथा लिहिते आणि लोक त्या वाचतात. त्यावरून आमच्या घरात जे झालं, ते सांगते.

श्रीवर्धनला आमची सुपारीची वाडी आहे. सुपारी वाळली की आम्ही सात-आठ बायका खळ्यात रांगेने सोलायला बसतो. दोन वर्षांपूर्वी नातीने मोबाईलवर कथांचं ॲप घालून दिलं. मी आधी वहीत लिहिते, मग एका बोटाने मोबाईलवर उतरवते. पण त्याआधी प्रत्येक भाग सोलणाऱ्या बायकांना वाचून दाखवते. सगळ्यांची मिळून एक टोपली सोलून होईपर्यंत भाग संपला पाहिजे, हे माझं माप. ऐकता ऐकता कोणी आपल्या सुनेच्या तक्रारी काढल्या, की तेवढं लिखाण कंटाळवाणं समजून खोडायचं.

गोष्ट होती एका सुनेची. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती घर सोडते आणि दिघीहून लाँचने खाडीपलीकडे आगरदांड्याला जायचं ठरवते. सहाव्या भागात मी तिला डावखुरी केली आणि सुपारी सोलायला रांगेच्या टोकाला बसवली, कारण डावखुरी मध्ये बसली तर शेजारणीला कोपर लागतं.

हे वाचलं आणि बायकांचे हात थांबले. आमच्यात डावखुरी एकच, माझी मोठी जाऊ. तीही एकदा घर सोडून गेली होती आणि संध्याकाळी परत आली होती. मी वाचलं त्या दिवशी ती सोलायला आली नव्हती. लिहिताना मला हे सुचलं नाही म्हटलं तर खोटं होईल. सुचलं होतं. चालून जाईल असं वाटलं. मी भाग मोबाईलवर टाकला.

दुसऱ्या दिवशी जाऊ दारात.

"माझी अब्रू मोबाईलवर टांगलीस व्हय गो?"

"तुमचं नाव कुठेय त्यात?"

"नाव कशाला पायजे? गावात दुसरी डावखुरी हाय कोण? काढून टाक."

"गोष्ट काढणार नाही, जाऊबाई. हवं तर तिचा हात उजवा करते. पण आधी ऐका, मग शिव्या द्या."

तिला वाचता येत नाही. जे कळलं ते दुसऱ्यांच्या तोंडून. ती बसली, रिकामे हात नकोत म्हणून टोपली पुढे ओढली. मी सहाही भाग वाचले. तिची एकटीची जवळजवळ एक टोपली सोलून झाली.

"पुढं काय करणार हायस तिचं?"

"पोरांसाठी परत आणणार." मोबाईलवरचे वाचकही तेच मागत होते. आजी, तिला मुलांकडे आणा, म्हणून.

"लोक माझ्याबद्दल पण तेच बोलतात. पोरांसाठी आली म्हणं. पोरांना न्यायला मी भावाला धाडणार होते."

"मग आलात कशाला?"

"वारा सुटलेला. लाँच बंद होती."

तीस वर्षं आम्ही एका रांगेत सोलतोय. मी तिला हे कधी विचारलं नव्हतं. आणि मी गोष्टी लिहिते.

ती उठली, पदर झाडला. "तुझी जाईल त्या दिवशी वारा नको."

"आणि हात?"

"राहू दे डावा."

मी वहीत लिहून ठेवलेला सातवा भाग फाडला आणि नवा लिहिला. खाडी शांत, लाँच वेळेवर, ती आगरदांड्याला उतरते. मोबाईलवर टाकल्यावर काय बोलणी बसणार ते मला माहीत होतं. आई अशी वागते का, असंच कोणीतरी लिहिणार. लिहू दे. आता मी शेवट बदलणार नव्हते.

पण आधी खळ्यात वाचायचा होता. त्या दिवशी जाऊ आली आणि आपल्या जागी, टोकाला बसली. कोणी मान वर करेना. मी दोन ओळी वाचल्या असतील, तेवढ्यात शेजारीण पुटपुटली, "ही तर आपली..."

"व्हय, मीच ती," जाऊ म्हणाली. "तू वाच गो पुढं."