सही न करणाऱ्या बाई

जानेवारीतल्या एका गुरुवारी शाळेच्या मधल्या सुट्टीत फोन पाहिला, तर मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या लायब्ररीतल्या जुन्या मैत्रिणीचा निरोप होता. दोनच ओळी. हॅरिएट गेली, घरीच गेली, फार त्रास झाला नाही. मी डबा उघडून बसले होते. तो मिटला आणि पुढच्या तासाला वर्गात जाऊन मुलांना पेशीविभाजन शिकवलं. कसं शिकवलं ते आता आठवत नाही. संध्याकाळी घरी येताना कॅरीच्या, आमच्या आताच्या गावच्या, रस्त्यावर गाडी बाजूला घेतली आणि मग रडले.

रडून झाल्यावर माणूस जरा शांत होतो म्हणतात. मलाही ती शांतता मिळाली असती, पण आठवड्याभराने ॲन आर्बरच्या वर्तमानपत्रात हॅरिएट व्होल्मर यांचा मृत्युलेख आला. तीन कादंबऱ्या, दोन नाटकं आणि तीस वर्षं हायस्कुलात केलेली इंग्रजीची मास्तरकी, एवढं सगळं चार परिच्छेदांत आटोपलं होतं. आणि दुसऱ्याच परिच्छेदात तो शब्द होता... ‘डिफिकल्ट’. गुणी पण डिफिकल्ट लेखिका. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर चालून आलेली संधी हट्टापायी घालवली, असं पुढे स्पष्टीकरण. मी ते वाचलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. श्रीकांतला, माझ्या नवऱ्याला, वाचून दाखवलं. तो म्हणाला, “अगं, पण हट्टी होत्याच ना त्या?”

होत्या. ते मी कशाला नाकारू? पण हट्ट कशासाठी होता, हे न विचारता जो नुसता ‘हट्टी’ लिहून मोकळा होतो, त्याने दुसऱ्याच्या आयुष्यावर लिहू नये.

श्रीकांतला ॲन आर्बरला युनिव्हर्सिटीत संशोधनाचं काम मिळालं आणि मी त्याच्या मागोमाग नागपूरहून आले, तेव्हा माझ्या व्हिसावर मला नोकरी करायची परवानगी नव्हती. बाहेर गुडघाभर बर्फ, घरात मी आणि भिंती. कुणीतरी सांगितलं, लायब्ररीत मंगळवारी सकाळी इंग्रजी संभाषणाचा फुकट वर्ग असतो, म्हणून बस पकडून गेले. टेबलाच्या टोकाला सत्तरीच्या उंच बाई बसल्या होत्या, बॉयकट केलेले पांढरे केस, अंगात पुरुषी स्वेटर. प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी नाव सांगितलं आणि पुढे व्हिसाच्या कागदावर होतं तेच म्हणाले, “डिपेंडंट.” नवऱ्यावर अवलंबून.

“ते काम नव्हे,” बाई म्हणाल्या. “ते कुणीतरी फॉर्मवर लिहिलेलं आहे. तू काय करतेस?”

“सध्या काहीच नाही. नागपूरला शाळेत जीवशास्त्र शिकवत होते.”

“मग तू शिक्षिका आहेस. पुन्हा सांग.”

मी पुटपुटले. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला, तेव्हा कुठे मान डोलावून त्या शेजारच्या कोरियन आजोबांकडे वळल्या. मला राग आला होता आणि घरी जाताना बसमध्ये तेच वाक्य मी मनात घोळवत होते. पुढच्या मंगळवारी मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला ‘बाई’ म्हणतात. हाक त्यांना फार आवडली. तेव्हापासून हॅरिएट व्होल्मर माझ्या बाई झाल्या. त्यांच्या तोंडी तो शब्द ‘बाय’सारखा यायचा, फोन उचलल्या उचलल्या त्या “बाय बोलतेय” म्हणायच्या आणि निरोप आधीच घेतल्यासारखं वाटायचं.

त्या लेखिका आहेत, हे मला वर्षभर माहीतच नव्हतं. एकदा वर्गात वाचायला म्हणून त्यांनी टाइप केलेली काही जुनी पानं आणली. एका नाटकाचा शेवटचा प्रवेश होता. ओतकामाच्या कारखान्यात अपघातात नवरा गेलेली एक बाई स्वयंपाकघरात बसली आहे. कंपनीचा माणूस तिच्याकडे एक कागद घेऊन आलाय. अपघात नवऱ्याच्याच चुकीने झाला, असं त्यावर लिहिलंय. सही केली की विषय संपला, असं तो गोड बोलून पटवतोय. ती बाई ऐकून घेते आणि सही करत नाही. बाईंनी मला त्या विधवेचं काम वाचायला दिलं. किती मंगळवार आम्ही तो प्रवेश वाचला असेल! ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’चे माझे घोटाळे त्या पानांवरच सुटले. मला तो तोंडपाठ झाला.

“हे कुणी लिहिलंय?” मी एकदा विचारलं.

“मी,” त्या म्हणाल्या. “म्हणजे लिहिलं मी. घडलं माझ्या आईच्या टेबलावर.”

मग तुकड्यातुकड्याने सगळं कळलं. बाई अकरा वर्षांच्या असताना मिशिगनमधल्याच एका गावी त्यांचे वडील असे गेले. कंपनीचा माणूस खरंच आला होता, आणि न विचारता वडिलांच्या खुर्चीत बसला होता. आईने सही केली नाही. त्यापायी गावाने तिला वाळीत टाकल्यासारखं केलं, कारण कारखान्यावर गाव जगत होतं. तिशीत बाईंनी त्यावर ‘टेबलावरचा कागद’ हे नाटक लिहिलं, न्यूयॉर्कच्या एका निर्मात्याने ते उचललं, आणि तालमी अर्ध्यावर आल्यावर सांगितलं की शेवट फार कोरडा आहे. प्रेक्षक जड मनाने घरी जाता कामा नयेत. विधवेने सही करावी, त्या माणसाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडावं, क्षमा करावी... बाई नाही म्हणाल्या. नाटकात बदल करायचा हक्क निर्मात्याने करारात स्वतःकडे ठेवला होता. तसाच शेवट बसवला गेला, पुढे छापलाही गेला. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बाईंनी पत्रकारांना सांगितलं, हे माझं नाटक नाही. प्रयोग लवकरच बंद पडले, दुसरं नाटक कुणी हातात घेईना. डिफिकल्ट! म्हणजे स्वतःच्या आईला स्टेजवर खोटी सही करायला लावली नाही म्हणून डिफिकल्ट. ज्या निर्मात्याने दुसऱ्याच्या घरातलं दुःख उचलून त्याला साखरेचा पाक चढवला, त्याच्या मृत्युलेखात त्याला काय म्हटलं असेल? दूरदृष्टीचा, नक्कीच.

बाईंशी जमवून घेणं मात्र खरंच सोपं नव्हतं. माझं बोलणं मध्येच तोडून त्या व्याकरण सुधारायच्या. मी प्रेमाने केलेल्या वांग्याच्या भरताला त्यांनी “करपलेलं काहीतरी” म्हटलं होतं. श्रीकांतला इकडे नोकरी मिळाली आणि आम्ही कॅरीला निघालो, तेव्हा त्या निरोप द्यायलाही आल्या नाहीत. दोन महिने फोन उचलला नाही. मग एक दिवस पोस्टाने जाड पाकीट आलं. आत नाटकाची ती शेवटची पानं होती, आणि मी इथे शिक्षिकेच्या परवान्यासाठी अर्ज करायचा म्हणून त्यांनी न सांगता लिहिलेलं शिफारसपत्र. पत्राची सुरुवात होती, ‘ही बाई शिक्षिका आहे.’ आज मी ज्या वर्गात उभी राहते, त्या वर्गात त्या वाक्याने मला नेलं.

फेब्रुवारीत ईराचा, माझ्या मुलीचा फोन आला. ती आता ॲन आर्बरलाच शिकते. तिथलं एक थिएटर बाईंच्या स्मरणार्थ ‘टेबलावरचा कागद’ करणार होतं. मार्चमधल्या एका रविवारी दुपारच्या प्रयोगाला मी गेले. प्रवेशदाराशी बाईंचा हसरा फोटो, खाली फुलं. बाई फोटोत कधी हसत नसत, हा कुठून पैदा केला कोण जाणे. नाटक सुरेख चाललं होतं. विधवेचं काम करणारी तरुण नटी तर अशी बसली होती, की मला तिच्या खांद्यांत बाई दिसत होत्या. शेवटचा प्रवेश आला. माझे ओठ तिच्याबरोबर हलू लागले... आणि तिने पेन उचललं. सही केली. त्या माणसाच्या खांद्यावर डोकं टेकलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

प्रयोगानंतर दिग्दर्शक आणि कलाकार गप्पांसाठी स्टेजवर बसले. खाली एक खुर्ची बाईंच्या पुतण्याला दिली होती, कारण परवानगी त्यानेच दिलेली. कुणीतरी शेवटाबद्दल छान बोललं. दिग्दर्शक म्हणाला, “हॅरिएटचा मूळ शेवट वेगळा होता असं ऐकून आहोत, पण छापील प्रत हीच. आणि खरं सांगू? आजच्या काळात लोकांना जखम भरलेली बघायची असते. मला वाटतं, आज तिलाही हेच आवडलं असतं.”

आज तिलाही हेच आवडलं असतं! मेलेल्या माणसाच्या तोंडी आपलं वाक्य घालणं किती सोयीचं! माणूस जिवंतपणी पन्नास वर्षं ‘नाही’ म्हणत राहिला, आणि त्याची माती व्हायचा अवकाश, यांनी परस्पर ‘हो’ लिहून टाकलं. मी उठायला लागले तशी ईराने माझी बाही धरली.

“आई, प्लीज डोन्ट. एव्हरीवन इज लुकिंग.”

खरं तर मी उठणारी नव्हे. इतकी वर्षं आम्ही इथे कागदांच्या भरवशावर राहिलोय. हा फॉर्म, तो फॉर्म, मान खाली, कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये. निघताना श्रीकांतनेही सांगितलं होतं, “तिथे काही बोलू बिलू नको हं.” पण मी उभी राहिले. म्हणाले, मूळ शेवट मला पाठ आहे, लेखिकेने तो मला स्वतः शिकवलाय. दिग्दर्शक हसून म्हणाला, “वंडरफुल, आपण नंतर बोलू.” मी म्हटलं, आत्ताच. आणि म्हटला. माझ्या नागपुरी उच्चारांत, शेकडो लोकांसमोर. शेवटी ती विधवा म्हणते, “कागद घेऊन जा. पेनही घेऊन जा. आणि जाताना खुर्ची होती तशी लावून जा. तुम्ही त्याच्या जागेवर बसलात, तेव्हा विचारलं नव्हतंत.”

कुणी टाळी वाजवली नाही. तशी ती वाक्यं टाळ्यांची नाहीतच. दिग्दर्शकाने आभार मानून पुढचा प्रश्न घेतला. बाहेर मात्र ती नटी, मेकअप अर्धवट पुसलेली, धावत आली आणि म्हणाली, “रोज त्या जागी माझा हात आपोआप थांबतो. मला वाटायचं मीच कुठेतरी चुकतेय.” प्रयोगपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी तिला सगळा शेवट लिहून दिला. गाडीत बसल्यावर ईरा म्हणाली, “यू वर सो लाऊड, आई.” मी पट्टा लावला. मग तीच म्हणाली, “गुड लाऊड.”

शेवट त्यांनी बदलला नाही. ईरा अखेरच्या प्रयोगाला गेली होती. तिने सांगितलं, नटीने सही केली, पण त्याआधी पेन हातात धरून इतका वेळ बसून राहिली की लोक खुर्च्यांत चुळबुळू लागले. आणि डोकं तिने टेकलं नाही. तो माणूस खांदा पुढे करून तसाच उभा राहिला. वर्तमानपत्राला मी पत्र लिहिलं होतं, त्याचंही उत्तर आलं. ‘डिफिकल्ट’ हे मत आहे, तथ्य नव्हे, त्यामुळे दुरुस्ती छापता येणार नाही. म्हणून हे मी माझ्या भाषेत लिहितेय. इथे तरी ते नोंदलेलं असू दे.

प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी, परत निघण्याआधी, मी बाईंच्या घरी गेले होते. पुतण्याने दार उघडलं. आदल्या दिवसाचा अवघडलेपणा त्याच्या चेहऱ्यावर होता, पण आठवण म्हणून काही पुस्तकं हवी तर घेऊन जा, म्हणाला. घर विकायचं होतं, खोक्यांच्या थप्प्या लागलेल्या. मी त्यांच्या लिहिण्याच्या खोलीत गेले. तिथे बाई भर हिवाळ्यातही टेबलाजवळची खिडकी बोटभर उघडी ठेवून लिहायला बसत. मिशिगनची ती थंडी, हात काकडायचे, तरी बंद करू द्यायच्या नाहीत. ऊब असली की माणूस पाल्हाळ लावतो, म्हणायच्या. आता खिडकी कडेकोट लावलेली होती, खोलीत हीटरची कोंदट ऊब, नव्या रंगाचा वास. मी खिटी काढून तावदान वर ढकललं. रंगाने चिकटलं होतं. दोनदा जोर लावल्यावर सुटलं, आणि थंड हवा सरळ आत आली.

“मॅम,” पुतण्या दारातून म्हणाला, “हीटिंग चालू आहे. खिडकी लावाल का, प्लीज?”

“नाही,” मी म्हटलं.